समक्ष, हात वर करून

दिग्रस, १४ ऑक्टोबर २००५

दिग्रस परिसर लोकनिधीच्या संस्थापकांनो,

पद्धत म्हणून असं लिहिलं. आपण संस्थापक चार. त्यातले नानाजी आणि घनश्याम मला दर आठवड्याला भेटतात आणि चौथी मी स्वतः. म्हणजे हे पत्र तुला एकट्याला आहे, दादा. तीन वर्षांत तू मला लिहिलं नाहीस, मी तुला लिहिलं नाही. आता एकदम खुशाली विचारत बसले तर तुलाही हसू येईल.

आपल्या चौघांची तक्रार एकच होती. सरकारकडे गेलं की ते म्हणायचं, संस्थांनी बघावं. संस्थांकडे गेलं की त्या म्हणायच्या, आमच्याकडे आहे काय? माणूस मधल्या मध्ये येरझाऱ्या घालत मरायचा. म्हणून आपण गावाचा निधी काढला. आणि आज तोच निधी दारात उभ्या माणसाला म्हणतो, घटनेत बसत नाही. ज्या दारांवर आपण भाषणं ठोकली, तसलंच एक दार आपण स्वतः बांधलं आणि कुलूप तू घातलंस.

यंदाचं सांगते. नानाजींच्या जिनिंगच्या फाटकाशी आपली ती सिमेंटची चौकट अजून आहे. गाडी आत जाण्याआधी गाडीवाला तिथे धर्माचा म्हणून पाटीभर कापूस टाकतो. चांगल्या वर्षी तो कापसाचा ढीग माणसाच्या डोक्यावर जायचा, हंगाम संपला की लिलाव व्हायचा आणि त्यावर तीन संस्थांचं वर्ष निघायचं. गेल्या हंगामात भाव पडला आणि ढीग गुडघ्याला आला. यंदाच्या पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन आलेला एक जण परवा गाडीवरून उतरला, अर्धी पाटी टाकली आणि मला म्हणाला, "यंदा अर्धीच हाय बाई, राग नका मानू." राग मला आला होता, पण त्याच्यावर नाही. ज्याचं पीक मातीमोल झालं तो माणूस माझी माफी मागतो आणि ज्यांच्यामुळे झालं ते मुंबईत पत्रकार परिषदा घेतात.

नानाजी म्हणतात, तिन्ही संस्थांना निम्मं निम्मं देऊ. दवाखान्याबाहेरचं अन्नछत्र निम्म्यावर चालेल, एकच वेळ जेवण देतील. लोहारा गावातली रात्रशाळा आठवड्यातून तीन दिवस भरेल. पण मानीबाईच्या पाळणाघराचं काय? जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्या बायांची तान्ही आणि रांगती मुलं ती फाटकाशेजारच्या खोलीत सांभाळते. निम्मं पाळणाघर म्हणजे दुपारपर्यंत मुलं सांभाळायची आणि दुपारनंतर रुईच्या धुळीत सोडायची का?

गंगाजळी आहे. ती अशाच वर्षासाठी ठेवली होती. पण तिला हात लावायचा तर तुझं कलम आडवं येतं: चारही संस्थापक समक्ष हजर हवेत आणि चौघांनी हात वर केला पाहिजे. एखादा पुढारी निधी गिळेल या भीतीने तू ते घातलंस. निधी गिळायला पुढारी आला नाही. मंदी आली.

बैठक रविवारी, ६ नोव्हेंबरला. भाऊबीज त्याच्या आधीच होऊन जाईल, तेव्हा ओवाळणीचं संकट तुझ्यावर नाही. ये.

सुचित्रा


दिग्रस, ९ नोव्हेंबर २००५

दादा,

तू आला नाहीस. तुझं कार्ड आलं, बैठक झाल्यावर दुसऱ्या दिवशी.

बैठकीचं आधी ऐक. चार खुर्च्या मांडल्या होत्या. नानाजींनी पाणी घेतलं, तुझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि असा सुस्कारा सोडला की नाटक कंपनीने उचलून न्यावं. "माझा तर जीव तुटते, सुचित्राबाई. पन करता काय? कायद्यानं बांधलो आपन."

घनश्याम शेतातून थेट आला होता, पायाला माती तशीच. तो म्हणाला, "वकीलसाहेबाले म्हना, हातच वर करायचा हाय, वरातीत नाचायचं नाई."

निम्म्याचा ठराव झाला. मी विरोधात बोलले, पाऊण तास बोलले. दोघांनी मन लावून ऐकलं. शेवटी नानाजी म्हणाले, "काय बोलता बाई तुमी, ऐकतच राहावं वाटते," आणि ठराव मंजूर. आपल्या दोघांच्या नशिबी हेच लिहिलंय. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

मानीबाईला ठराव सांगायला मीच गेले. ती दोन पाळण्यांच्या मध्ये बसून तिसऱ्याला पायाने झोका देत होती. म्हणाली, "बरं हाय जी. मंग अर्धे लेकरं कोनते ठेवू? गोरे ठेवू का काळे?" बायका हसल्या. मी हसले नाही म्हणून तिला वाईट वाटलं, वर माझीच समजूत काढायला लागली.

आता तुझं कार्ड. कलमात दुरुस्ती करायची तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा, सुनावणी होईल, वर्षभरात निकाल लागेल, हे तू लिहितोस. अगदी बरोबर आहे. वर्षभराने आजची तान्ही चालायला लागतील, प्रश्नच मिटेल. पुढे तू नाशिकच्या लेण्यांचा दाखला देतोस, कारण तो मीच तुला एकदा ऐकवला होता: विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, कायमची ठेव ठेवली, मुद्दल कधी मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंना चीवरं द्यायची. दादा, त्या लेण्यांत मी विद्यार्थ्यांना दर दोन वर्षांनी नेते. मुद्दल मोडू नये हा लेख दगडात अजून ठणठणीत आहे. चीवर घ्यायला एक भिक्षू शिल्लक नाही.

आणि कार्डाच्या कडेला, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात: "त्या दिवशी तू आभार मानलेस."

तीन वर्षं तू हे वाक्य सांभाळून ठेवलंस तर. मानले. नानाजींनी पुढाऱ्याला बोलावलं, मांडव घातला, वर निधीचा फलक लावला, मानीबाईच्या बायांना कडेवर मुलं घेऊन व्यासपीठावर एका ओळीत उभं केलं आणि एकेक घोंगडी देताना फोटोवाल्यासाठी दोनदोनदा हात पुढे करायला लावले. तू उठलास, "या फलकाखाली पुन्हा पाय ठेवणार नाही, या माणसासमोर बसणार नाही," म्हणालास आणि निघून गेलास. तू बरोबर होतास. तेव्हाही मला पटलं होतं, आज तर जास्तच पटतं. पण तू गेल्यावर त्या बाया तिथेच उभ्या होत्या. उतरू का राहू, त्यांना कळेना. मी माइक घेतला आणि आभार मानले, ते पुढाऱ्याचे नाही, त्या बायांचे. त्या आल्या आणि आपल्या गावाची लाज त्यांनी झाकली म्हणून. तू ऐकायला थांबला नाहीस. तोवर तुझी गाडी नागपूरच्या वाटेवर आर्णीच्या पुढे गेली असेल.

पुन्हा वेळ आली तर पुन्हा मानीन.

सुचित्रा


दिग्रस, २८ नोव्हेंबर २००५

दादा,

पाळणाघर बंद झालं. निम्म्या मदतीत खोलीचं भाडं आणि दूध एवढंच भागत होतं. मानीबाईच्या हाताखालच्या दोघी दुसरीकडे कामाला गेल्या, आणि एकटीने इतकी मुलं सांभाळणं तिला झालं नाही. मग बायांनी मुलं आत न्यायला सुरुवात केली, पूर्वी न्यायच्या तशी. कापसाच्या ढिगाच्या कडेला पटकूर टाकायचं, त्यावर मूल झोपवायचं आणि काम करायचं.

परवा जे झालं ते साधं सरळ लिहिते, कारण यावर मला भाषण करता येणार नाही.

ढिगातला कापूस बाया हातांनी ओढून नळीच्या तोंडाशी नेतात आणि नळी तो आत यंत्राकडे खेचून घेते. भागीरथा नावाची मुलगी, विशीचीही नसेल, ढीग ओढत होती. तिच्या हाताला कापसात पाय लागला. तिचीच मुलगी, नयन, दीड वर्षाची. झोपेत सरकत सरकत ढिगाखाली गेली होती आणि वरून कापूस ढासळला होता. नळीचं तोंड तिथून हातभर होतं. भागीरथाने पाय धरून ओढली. पोर रडेना. नाका-तोंडात रुई. कुणीतरी उलटी धरून पाठीवर थापा मारल्या तेव्हा रडली. सरकारी दवाखान्यात नेलं. छातीत सर्दी धरली आहे, डॉक्टर म्हणाले, वाचली.

मी कळल्याबरोबर नानाजींच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी आधी पोरीचंच विचारलं, हे मान्य करते. तो माणूस राक्षस नाही. राक्षस असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं.

"मी हुकूम काढला, सुचित्राबाई," ते म्हणाले. "उद्यापासून लेकरू घिऊन येनारीले फाटकाच्या आत घ्यायचं नाई. एकबी नाई. माझ्या जिनिंगमंदी असं पुन्हा व्हायचं नाई."

"आणि त्या बायांचं काम?"

"त्याले मी काय करू? लेकरू घरी ठिवा अन् या."

"घरी कुणाकडे, नानाजी? घरातली सगळी माणसं तर वेचणीला जातात."

"तेच तर म्हनून राह्यलो मी," ते म्हणाले, जणू मी त्यांचंच म्हणणं मांडत होते.

म्हणजे हिशेब असा झाला, दादा. ज्या बाईच्या कडेवर मूल आहे तिला दिग्रसमध्ये काम नाही. बाहेर भागीरथा बसली होती. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "मॅडम, माहीच पोरगी गेली असती तं एक येळचं रडनं होतं. आता साऱ्याइचं काम गेलं. साऱ्या माह्याकडे पाहून राह्यल्या." तिला वाटतं चूक तिची आहे. तिची समजूत घाल, मला जमलं नाही. तू वकील आहेस. तूच तिला सांग की चूक कुणाची.

सुचित्रा


दिग्रस, २९ नोव्हेंबर २००५

कालच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. हुकूम निघाल्यापासून जमतील तेवढी मुलं माझ्या घरी आहेत, म्हणजे त्यांच्या आया तरी कामावर जातील. मानीबाई सकाळी घेऊन येते. माझ्या पुस्तकांच्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या केल्या, कारण वरचं सोडून खालचं सगळं ती खातात. कॉलेजात सकाळचे तास दुसऱ्याला दिले.

हे तुझ्याकडून शाबासकी मिळावी म्हणून लिहीत नाही. हे चालणारं नाही, म्हणून लिहिते. माझं घर जिनिंगपासून गावाच्या दुसऱ्या टोकाला. पूर्वी भोंगा झाला की आया धावत खोलीवर यायच्या, पाजायच्या आणि परत जायच्या. आता त्यांची छाती भरून येते तिकडे आणि पोरं रडतात इकडे. काल एक बाई भर दुपारी पळत आली, ओला पदर हाताने झाकून, पाजलं आणि पळत गेली. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मुकादमाने तिला परत आत घेतलं नाही.

पाळणाघर फाटकाशी लागतं. ते माझ्या चांगुलपणाने हलत नाही.

सु.


दिग्रस, ११ डिसेंबर २००५

दादा,

तुझं रजिस्टर पत्र पोचलं. संमतीपत्र, सही, शिक्का, दोन साक्षीदार. सलीलने आणि सूनबाईने साक्षीदार म्हणून सह्या केल्या, ते पाहून बरं वाटलं. म्हणजे घरात माझं नाव निघतं तर.

मला वाटलं, झालं. नाचत गेले बैठकीला. खरंच सांगते, या वयात, बाजारचौकातून.

नानाजींनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग घटनेची प्रत मागवली आणि बोट ठेवलं. "पत्राने, तारेने वा प्रतिनिधीमार्फत दिलेली संमती ग्राह्य धरली जाणार नाही." म्हणाले, "वकीलसाहेबाचंच कलम हाय हे. काय पक्कं लिहिलं हाय! मुंगी जाईन अशी फट ठिवली नाई."

घनश्याम उसळला. "अहो नानाजी, मान्साचं मन कळलं ना? मंग कायले कागद चाटून राह्यले?"

"कायदा म्हंजे कायदा, घनश्याम. उद्या माह्यावर केस झाली तं तू येशीन सोडवाले?"

"येईन ना. मले दुसरं काम काय हाय? कापूस इकाचा नाई, घरात ठिवला हाय."

बाहेर बाया जमल्या होत्या, कामावर न घेतलेल्या. मानीबाईने त्यांना आणलं होतं. दार उघडंच होतं. मानीबाई चौकटीतूनच म्हणाली, "नानाजी, वकीलसाहेब आले तं तुमी हात वर करसान का? का मंग तुमचा खांदा दुखन?" बाया खळखळून हसल्या. नानाजी लाल झाले. उभे राहिले आणि सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून बोलले, "कमलाकर माह्या डोयासमोर हात वर करन, त्या घडीले माहा हात पयला वर. बापाची आन हाय."

ते का बोलले, तुला कळलं ना? त्यांना पक्कं ठाऊक आहे की तू येणार नाहीस. दादा, तुझा रुसवा ही नानाजींची छत्री आहे. तू तिकडे नागपुरात ताठ उभा आहेस आणि त्या ताठपणाच्या सावलीत हा माणूस इथे सुखाने बसला आहे. त्यांना एकदाही 'नाही' म्हणावं लागलं नाही. त्यांच्या वतीने तू म्हणतोस.

तुझं तत्त्व खरं आहे. तत्त्वं पाळायलाच हवीत यावर मी या जिल्ह्यात जेवढी भाषणं केली तेवढी कुणी केली नसतील. पण ते तत्त्व पाळायला भागीरथा घरी बसली आहे, तू नाहीस. दुसऱ्याच्या पोटावर पाळलेल्या तत्त्वाला काय म्हणायचं, ते तू सांग. तुझ्याकडे पुस्तकं जास्त आहेत.

रविवारी अठरा तारखेला पुन्हा बैठक लावली आहे.

सुचित्रा


दिग्रस, १४ डिसेंबर २००५

दादा,

तुझं दोन ओळींचं पत्र आज आलं. "दिग्रसला येणार नाही. त्या फलकाखाली नाही, त्या माणसासमोर बसणार नाही." बरं.

संध्याकाळी घनश्याम आला होता. मुलं झोपली होती, मानीबाई दुधाच्या बाटल्या उकळत होती. मी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि पुन्हा तेच सुरू केलं, की याला इथे कसं आणावं, कुणाला पाठवावं, कुणाचा शब्द तो मानेल. घनश्याम जरा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमाले निधी सोडवाचा हाय का भाऊ वापस आनाचा हाय?"

मानीबाईने गॅस बारीक केला आणि उगाच बाटल्या मोजायला लागली.

त्याने बरोबर विचारलं होतं. दोन महिने मी दोन्ही एकदम मागत होते आणि स्वतःला सांगत होते की एकच मागते आहे. तुझी खोली मी अजून पुसून ठेवते. यवतमाळहून येणारी शेवटची एसटी गेल्याशिवाय मला झोप येत नाही, हे या वयात कुणाला सांगायचं? पण त्या मुलांनी माझ्या भावाची वाट का पाहावी?

म्हणून तुझी घटना काढली आणि या वेळी भाऊ शोधायचा सोडून नुसतं कलम वाचलं. चारही संस्थापक समक्ष हजर असावेत. हात वर करून मत द्यावं. पत्र नको, तार नको, प्रतिनिधी नको. बैठक कुठे व्हावी, हे त्यात एका शब्दाने लिहिलेलं नाही. सगळ्या फटी बुजवताना तू हे एक मोकळं सोडलंस. बैठक दिग्रसमध्येच होणार, यापलीकडे आपल्याला तेव्हा जग दिसत नव्हतं.

मी लगेच नानाजींकडे गेले. सांगितलं, अठरा तारखेची बैठक नागपूरला आहे, कमलाकरच्या घरासमोर. त्यांनी घटना उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "नागपूरले माहं काम हायच म्हना, मशीनचे पार्ट पाहाचे हाय." बापाची आण सगळ्या गावाने ऐकली आहे, दादा. नाही कुठल्या तोंडाने म्हणतील? माझीच गाडी काढतो, म्हणाले. नोटीस आजच काढली, एक प्रत याच पाकिटात आहे.

आम्ही तिघं येतो. मानीबाई येणार, भागीरथा येणार, नयन तिच्या कडेवर असेल. पोरीचा खोकला अजून गेलेला नाही. फलक आणणार नाही. मांडव नाही, माइक नाही, मी भाषण करणार नाही. हे वाचून तुझा विश्वास बसणार नाही, पण नाही करणार.

तू नानाजींसमोर बसू नकोस. बसायला कुणी सांगितलंय? त्यांना घरात घेऊ नकोस, चहा विचारू नकोस, बोलू नकोस. माझ्याशीही बोलू नकोस. त्रिमूर्तीनगरातलं सलीलचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि रस्त्याच्या अंगाला गॅलरी आहे, इतकं मला माहीत आहे. आम्ही रस्त्यावर उभे राहू. ठराव घनश्याम वाचेल, दोन ओळींचा आहे. खाली तिघांनी हात वर केले आणि वर तू केलास की ते समक्ष झालं, तुझ्याच कलमाने झालं. सोमवारी सकाळचा भोंगा होईल तेव्हा फाटकाशेजारच्या खोलीचं दार उघडं असेल.

रविवार, १८ डिसेंबर. सकाळी अकरा वाजता. गॅलरीत ये आणि हात वर कर.

सुचित्रा